हा जेवत नाही काय वो ताई?

मागच्या महिन्यात झडी लागली होती तेव्हा शेतातली कामं बंद होती, म्हणून आम्ही आमच्या गावच्या समाजमंदिरात लागोपाठ दोन रविवार दोन पिक्चर दाखवले. एक मल्याळम, 'अँड्रॉइड कुंजप्पन व्हर्जन ५.२५', २०१९ चा, अन् दुसरा अमेरिकेतला 'रोबोट अँड फ्रँक', २०१२ चा. दोन्हीत एक म्हातारा माणूस घरी एकटा राहतो आणि पोरगा त्याच्यासाठी कामाला रोबोट आणून ठेवतो. सबटायटल इंग्रजीत, त्यामुळे मी मधेमधे थांबवून वऱ्हाडीत सांगत होते. पहिल्याच रविवारी समोर सतरंजीवर बसलेल्या एका आजीनं मला थांबवून विचारलं, "हा जेवत नाही काय वो ताई?" मी म्हटलं नाही आजी, मशीन आहे, चार्जिंगवर चालते. तर म्हणाल्या, "मंग बुढ्याले करमन कसं?"

हे मी मागच्या अंकात लिहिलं होतं आणि त्यावर एवढी पत्रं अन् मेसेज आले की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. नावं कोणाचीच छापली नाहीत, बऱ्याच जणांनी घरातलं लिहिलंय.

प्रश्न : ताई, मी मूळचा दारव्हा तालुक्यातला, सध्या पुण्यात आयटीत आहे. बाबा २ वर्षांआधी गेले, आई गावी एकटीच असते. पुण्याला आणलं की पंधरा दिवसांत म्हणते मले गावाले पोचवून दे. शेवटी मी घरात ३ कॅमेरे बसवले, त्यातून बोलता पण येते. आता आई स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्यावर दुपट्टा टाकून ठेवते, विचारलं तर म्हणते धूळ बसते त्याच्यावर. तुमचं वाचून मी तो मल्याळम पिक्चर पाहिला आणि रात्री झोप आली नाही. त्या पोराचं चुकलं का? आणि उद्या खरंच असा रोबोट परवडला तर मी घेऊ की नको?

उत्तर : दादा, आधी दुपट्ट्याबद्दल बोलते.

मी ११ वर्षं नागपूरला नोकरीत होते अन् माझे बाबा गावी एकटे. रोज रात्री ८ ला फोन. जेवले का बाबा? हो जेवलो, वांग्याची भाजी अन् भाकर. रोज काही ना काही सांगायचे, कधी पिठलं, कधी फोडणीचं वरण. ते गेल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं की कित्येक रात्री ते चहात मुरमुरे टाकून खायचे अन् झोपून जायचे. मला झोप लागावी म्हणून ते खोटं बोलत होते. त्या वेळी कॅमेरा असता तर मला खरं कळलं असतं, कदाचित तब्येत सांभाळता आली असती, याची हळहळ मला आजही आहे. पण एक गोष्ट मला फार उशिरा कळली, त्या वयात बाबांकडे मला द्यायला जे थोडंफार उरलं होतं त्यात ती थाप होती. "माझी काळजी करू नको" हे ते रोज मला देत होते, आपल्या हातानं. तुमच्या आईचा दुपट्टा मला तसाच वाटतो. तुम्ही त्यांना पाहता, पण त्या काय दाखवायचं ते ठरवू शकत नाहीत. ज्या बाईनं चाळीस वर्षं त्या स्वयंपाकघरात कोणाला काय वाढायचं ते स्वतः ठरवलं, तिच्यासाठी ही लहान गोष्ट नाही.

आता पिक्चरबद्दल. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, केरळात कण्णूर जिल्ह्यात पय्यन्नूरकडे राहणारा भास्करन नावाचा हट्टी म्हातारा, त्याचा इंजिनिअर पोरगा सुब्रह्मण्यन बापासाठी हातातल्या नोकऱ्या सोडून सोडून परत येतो, कामाला ठेवलेल्या नर्स बापच हाकलून लावतो, अन् शेवटी पोरगा रशियात एका जपानी कंपनीत नोकरीला जातो आणि तिथून एक रोबोट घेऊन येतो. दिग्दर्शक रतीश बालकृष्णन पोदुवाल, त्यांचा हा पहिलाच सिनेमा. अन् भास्करन झालेले सूरज वेंजारमूडू तेव्हा जेमतेम चाळिशीतले होते, हे मी पिक्चर संपल्यावर सांगितलं तर आमच्या सभागृहात कोणी विश्वासच ठेवेना. त्या वर्षीचं केरळ सरकारचं सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं बक्षीस त्यांना मिळालं. पुढे २०२२ मधे तमिळमधे 'कूगल कुट्टप्पा' नावानं हाच पिक्चर परत निघाला.

मला त्यात सगळ्यात जास्त काय लागलं माहिती आहे का? रोबोट स्वयंपाक करतो, औषध देतो, वेळेवर उठवतो, पण एवढ्यानं म्हातारा काही पाघळत नाही. तो बदलतो ते त्या मशीनची काळजी घ्यायला लागल्यावर. त्याला कपडे घालतो, गावात सोबत घेऊन फिरतो, कोणी त्याच्याबद्दल वाकडं बोललं तर अंगावर धावून जातो. इतकी वर्षं सगळे जण भास्करनसाठी काहीतरी करून राहिले होते अन् त्याला कोणासाठी काही करायची जागाच कोणी ठेवली नव्हती. आजीनं विचारलं ना जेवत नाही काय, ते हेच होतं. जो जेवतच नाही त्याला वाढायचं कसं?

म्हणून पोराचं चुकलं का याचं माझं उत्तर असं आहे की परदेशी जाणं चूक नव्हतं. पोटासाठी जावंच लागते, विदर्भातल्या कोणत्या गावातून पोट्टे पुण्या-नागपूरला गेले नाहीत ते सांगा. चुकलं ते हे की त्यानं बापाला कामांची यादी समजलं, जेवण झालं, औषध झालं, आंघोळ झाली, आता बाप सुखी असला पाहिजे.

तुम्ही काय करावं ते सांगते, पटलं तर करा. स्वयंपाकघरातला कॅमेरा काढून टाका, फोनवर न सांगता स्वतः गावी जाऊन, आईसमोर, स्टुलावर चढून काढा. दारावरचा एक राहू द्या, तोही त्यांना विचारून. अन् त्यांच्याकडून काहीतरी मागत जा. शेत ठेक्यानं दिलं असेल तर हिशोब त्यांना ठेवू द्या, बियाणं कोणतं टाकायचं हे खरंच त्यांना विचारा, उन्हाळ्यात कुरड्या पाठवायला सांगा अन् आल्या की अजून पाहिजे म्हणा. रोबोट परवडला तर घ्या, मी नाही म्हणत नाही, रात्री पडल्या-झडल्या तर तो कामाचा आहे. फक्त तो बंद करायचं बटन त्यांच्या हातात असलं पाहिजे, तुमच्या फोनमधे नको.

प्रश्न : मी बारावीत आहे, वरुड. रोबोट अँड फ्रँकमधे रोबोट स्वतःच म्हणतो की मी जिवंत नाही. तरी शेवटी त्याची मेमरी पुसतात तेव्हा मी खूप रडली अन् माझा भाऊ हसला मला. त्या रोबोटला काहीच वाटत नसेल तर मग फ्रँकचं प्रेम खोटं होतं का? आणि माझं रडणं?

उत्तर : बेटा, तुझं रडणं खोटं नव्हतं अन् फ्रँकचं प्रेम पण नव्हतं. भावाला सांग की मी पण रडले, तीन वेळा पाहिला अन् तीनही वेळा.

फ्रँक हा म्हातारा चोर, तरुणपणी घरं फोडायचा, आता विसरभोळेपणाचा आजार लागलाय. मुलगा दर आठवड्याला लांबून गाडी चालवत येऊन कंटाळतो आणि एक पांढरा ठेंगणा रोबोट आणून ठेवतो. मुलगी दूर तुर्कमेनिस्तानात, तिला रोबोट घरात असणंच पटत नाही. रोबोट सांगतो की परसात भाजीपाला लावू, त्यानं तुमचा दिवस लागी लागेल. फ्रँकला त्यात काडीचा रस नाही. मग एक दिवस त्याच्या लक्षात येतं की या रोबोटला चोरी चूक की बरोबर हे शिकवलेलंच नाही, त्याला फक्त फ्रँकची तब्येत सुधारायची आहे. झालं, फ्रँक त्याला कुलूप उघडायला शिकवायला बसतो!

तिथून तो माणूस बदलतो, आठवतं का तुला? डोळ्यांत चमक येते, कागद काढतो, नकाशे करतो, नीट जेवतो. इतके दिवस सगळे त्याला तू हे विसरलास ते विसरलास म्हणत होते, अन् आता त्याच्यासमोर कोणीतरी बसलंय ज्याला त्याच्याकडची विद्या पाहिजे. विद्या वाईट होती हे खरं आहे, चोरीचं कौतुक मी करत नाही. पण आपल्या आजोबांना कोणी शेवटचं कधी विचारलं की आबा तिफण कशी धरायची, नाडा कसा वळायचा, हे तू तुझ्याच घरी आठवून बघ.

आता रोबोट खोटा का खरा. तो एकदा फ्रँकला म्हणतो की तुम्ही ऐकलं नाही तर मला परत नेऊन माझी मेमरी पुसतील, आणि नंतर सरळ कबूल करतो की तुम्ही ऐकावं म्हणून मी तसं बोललो होतो. म्हणजे दया यावी म्हणून बोलायचं हे त्याला जमतं, पण स्वतःची दया त्याला येत नाही. अन् शेवटी पोलिसांच्या हाती पुरावा लागू नये म्हणून तोच सांगतो की माझी मेमरी पुसा. ज्या माणसाची स्वतःची आठवण रोज थोडीथोडी जाऊन राहिली आहे त्याच्याच हातानं दुसऱ्याची आठवण पुसायची. तो आधी तयारच होत नाही. हा नकार रोबोटच्या आत काय आहे यावर अवलंबून नाही बेटा, तो फ्रँकच्या आतून येतो अन् तो शंभर टक्के खरा आहे. त्याच पिक्चरमधे लायब्ररीतली ती बाई, जिच्यावर तो नव्यानं भाळतो, ती त्याची जुनी बायकोच असते, तो तिलाच विसरलेला असतो. तिच्या घरी भिंतीवर आपल्याच पोरांचे फोटो दिसतात तेव्हा कळतं. ती बाई किती दिवस हे मनात ठेवून त्याच्याशी अनोळख्यासारखी गोड बोलत असेल! रोबोटवर सगळे रडले, तिच्यावर आमच्या इथे फक्त दोन बाया रडल्या, मला त्या दोघींचं जास्त वाटलं.

अजून एक सांगते. त्या रोबोटच्या पोशाखात रेचल मा नावाची कलाकार होती, आवाज पीटर सार्सगार्डचा. कुंजप्पनच्या आतही सूरज तेलक्काड नावाचा ठेंगणा कलाकार होता, उकाड्यात तो जड पोशाख घालून. म्हणजे तू ज्याच्या मान वळवण्यावर, हळूच थांबण्यावर रडलीस ती हालचाल माणसाचीच होती. भावाला हेही सांग.

प्रश्न : आयटीआयला आहे, गोंदिया जिल्हा. असे घरकाम करणारे रोबोट आपल्याकडे कधी येतील? पिक्चरमधे तर भांडे पण घासते.

उत्तर : कधी ते सांगायला मी ज्योतिषी नाही, पण अडचण कुठे आहे ते सांगते. फरशी झाडणारी गोल मशीन २००२ पासून बाजारात आहे, सपाट फरशीवर बरी चालते. पण आपल्याकडे उंबरठा आहे, सारवलेलं अंगण आहे, मधेच कोंबडी येते. हान्स मोराव्हेक नावाच्या शास्त्रज्ञानं १९८८ मधे लिहून ठेवलं की मशीनला बुद्धीच्या परीक्षा अन् पटावरचे खेळ शिकवणं त्या मानानं सोपं आहे पण वर्षाच्या लेकराला जे चालणं-पाहणं जमतं ते शिकवणं फार कठीण. तुझी आई अंधारात एका हातानं लेकरू सांभाळत दुसऱ्या हातानं भाकर थापते ना, ते इंजिनिअरिंगच्या हिशोबानं फार मोठं काम आहे. तू फिटर आहेस की इलेक्ट्रिशियन ते लिहिलं नाहीस, पण जे शिकतोस ते मन लावून शिक, उद्या ह्या मशीन आल्या तर दुरुस्तीला तुलाच बोलावतील.

प्रश्न : ताई, आम्ही वरोरा तालुक्यात राहतो. शाहीद कपूरचा रोबोट बायकोचा पिक्चर टीव्हीवर लागला होता, माझे मिस्टर म्हणाले "अशीच पाहिजे बायको, हो ला हो म्हणणारी" अन् सासूबाई पण हसल्या. मी सकाळी ५ ला उठते, गोठा, स्वयंपाक, लेकरांची शाळा, मग निंदणाला जाते, आल्यावर परत स्वयंपाक. मला एवढा राग आला की जेवली नाही. माझं चुकलं का? साध्या पिक्चरवरून एवढं मनाला लावून घ्यावं का?

उत्तर : बाई, नाही चुकलं. जेवायला पाहिजे होतं तेवढं फक्त, उपाशी राहून निंदणाला जाऊ नको.

तू म्हणतेस तो पिक्चर २०२४ चा, 'तेरी बातों में ऐसा उलझा जिया'. आर्यन नावाचा इंजिनिअर, त्याची मावशी अमेरिकेत रोबोट बनवते, तिच्या घरी सिफ्रा नावाची देखणी मुलगी भेटते, प्रेमात पडतो अन् मग कळतं ती मशीन आहे. तरी तिला दिल्लीला घरी आणतो, लग्न लावायचं म्हणून. लोक क्रिती सॅननचं काम पाहतात, गाणी पाहतात, पण मी काय पाहिलं ते सांगते. एवढं भरलेलं घर, आजोबा आहेत, आई आहे, काकू-मावश्या आहेत, अन् कोणालाच कळत नाही की ही होणारी सून माणूस नाही! मला तिथे धस्स झालं. कारण कळायला काही विचारावं लागते ना. तुला काय आवडतं, तुला कशाची भीती वाटते, माहेरची आठवण येते का. हे कोणी विचारतच नाही, ती कामात हुशार आहे, नम्र आहे, दिसायला छान आहे, झाली परीक्षा पास. २०१६ मधे टीव्हीवर 'बहू हमारी रजनीकांत' म्हणून मालिकाच लागायची, त्यात पण सून रोबोट अन् घरच्यांना पत्ता नाही. अन् त्याच्याही आधी १९८५ पासूनची ती अमेरिकन 'स्मॉल वंडर', आपल्या पिढीनं हिंदीत डोळे फाडून पाहिली, त्यातली विकी रोबोट असली तरी लहान पोरगीच ना, तिला रात्री कपाटात उभी करून ठेवायचे. मी दहावीत असताना हसत पाहायचे, आता पाहवत नाही.

'रोबोट' हा शब्द कुठून आला ते मिस्टरांना सांग. चेक भाषेत 'रोबोटा' म्हणजे वेठबिगारी. मालकाच्या शेतात फुकट राबायचं, नाही म्हणायची सोय नाही. कारेल चापेक नावाच्या लेखकानं १९२० मधे नाटक लिहिलं, शब्द सुचवला त्याच्या भावानं, योसेफनं, अन् १९२१ मधे प्रागला ते रंगमंचावर आलं. त्या नाटकात रोबोट शेवटी मालकांवर उलटतात. वेठबिगारी काय असते हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना पुस्तकातून शिकावं लागत नाही. तर ज्या घरी "हो ला हो म्हणणारी" पाहिजे असते तिथे बायको नको असते, बिनापगारी वेठ पाहिजे असते. हे कठोर वाटेल, पण मला असंच वाटतं अन् मी ते मागे घेणार नाही.

एक जर्मन पिक्चर आहे २०२१ चा, 'आय अॅम युअर मॅन', दिग्दर्शिका मारिया श्रेडर. त्यात उलटं आहे, बाईसाठी रोबोट पुरुष. आल्मा ही बर्लिनच्या म्युझियममधे जुन्या लिपीवर संशोधन करणारी बाई, तिला टॉम नावाचा रोबोट तीन आठवडे घरी ठेवून त्याच्यावर रिपोर्ट द्यायचा असतो. तो टॉम फक्त तिच्या आवडीनिवडी पाहून बनवलेला, घर आवरतो, नाश्ता मांडतो, गोड बोलतो. ती चिडते! घर आवरलेलं पाहून चिडते, परत होतं तसं कर म्हणते, अन् तो करतो पण. हळूहळू तिचा जीव लागतो त्याच्यावर हे खरं, माणूस आहे ती, एकटी आहे, घरी वडिलांना विसरण्याचा आजार. पण रिपोर्ट लिहिताना ती विरोधात लिहिते. म्हणते की ज्यांना सगळं मनासारखं करणारं मिळालं ते मग खऱ्या माणसाशी जुळवून घेणंच विसरतील. आल्मा झालेल्या मारेन एगर्टला बर्लिनच्या महोत्सवात अभिनयाचं सिल्व्हर बेअर हे बक्षीस मिळालं. तुझ्या मिस्टरांसोबत हा पिक्चर बसून पाहा. ते बोलले ते मनातलं बोलले की सहज, हे मला इथून कळणार नाही. पण सासूबाई हसल्या ना, त्यांना एकदा दुपारी कापसाच्या वाती वळता वळता विचार की तुम्ही नवीन आल्या तेव्हा तुम्हाला काय आवडतं हे कोणी विचारलं होतं का. मला वाटतं त्यांच्याकडे सांगण्यासारखं बरंच असेल.

अन् सकाळी ५ च्या गोठ्यातलं एक काम मिस्टरांच्या वाट्याला दे, शेण काढणं किंवा दूध काढणं. त्यांना न विचारता दे.

प्रश्न : ताई, मेहकर तालुका. वय ७१. माह्या घरी आता बैलजोडी नाही, मागच्या साली इकली, पोरानं ट्रॅक्टर घेतला. पोळ्याले आता ट्रॅक्टरची पूजा करतो, हार घालतो. पिक्चरमधल्या बुढ्याले मशीनसाठी रडू आलं म्हनता. मले माह्या बैलासाठी आजही रडू येते, ट्रॅक्टरसाठी काहून येत नाही?

उत्तर : काका, तुमचं पत्र मी घरात सगळ्यांना वाचून दाखवलं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी तुम्ही बैलाच्या खांद्याला हळद-तूप लावत असाल, कानाशी जाऊन म्हणत असाल, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." पाहुण्याला म्हणतो तसं. वर्षभर ज्यानं ओढलं त्याला एक दिवस पाटावर बसवल्यासारखं वाढायचं, अन् तो खातो, तुमच्या हातावर त्याची जीभ लागते. तो थकत होता ते तुम्हाला दिसत होतं, म्हणून तुम्ही थांबत होता. ट्रॅक्टर थकत नाही, त्याच्यासाठी कोणी बांधावर थांबत नाही. त्याला डिझेल लागते, आवतन लागत नाही. म्हणून हार घालूनही हात रिकामा वाटतो.

पण मशीनसाठी माणूस रडतच नाही असं नाही. जपानमधे सोनी कंपनीनं १९९९ मधे आयबो नावाचा रोबोट कुत्रा काढला. शेपटी हलवायचा, हाक मारली की यायचा, बऱ्याच लोकांनी घरी घेतला. २००६ मधे बनवणं बंद केलं, २०१४ मधे दुरुस्ती पण बंद. सुटे भाग मिळेनात, तर २०१५ पासून चिबा भागातल्या कोफुकुजी या देवळात त्या बंद पडलेल्या कुत्र्यांसाठी पुजारी मंत्र म्हणायला लागले, रांगेनं मांडलेले आयबो, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. अन् मग त्यांचे भाग काढून दुसऱ्या आयबोंना बसवायचे. त्या कुत्र्याला तोंड होतं, मान होती, तो आपल्याकडे वळून पाहायचा. पिक्चरवाले पण रोबोटला मान देतातच, बघा तुम्ही, डोळे नसले तरी चालते पण मान लागते. ट्रॅक्टर वळून पाहत नाही.

अन् आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतोच की. लाकडाचा नंदी, चाकं लावलेला, लेकरं दोरीनं ओढत घरोघरी नेतात, आपण त्याला टिळा लावतो अन् लेकराच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवतो. लाकूड आहे हे लेकराला पक्कं माहीत असते, तरी रस्त्यात पडला तर आधी त्याचं शिंग पाहते, मग आपला गुडघा. तुमच्याकडे बुलडाण्यात तान्हा पोळा आमच्या वर्ध्या-नागपूरइतका जोरात नसेल, पण या वर्षी नातवाला एक लाकडी बैल घेऊन द्या अन् विकलेल्या जोडीतल्या एकाचं नाव त्याला द्या. आणि ती जोडी कोणाकडे गेली ते माहीत असेल तर पोळ्याला पुरणपोळी घेऊन तिकडे जाऊन या काका. बैल ओळखते.

प्रश्न : माझी मुलगी ९ वर्षांची, अचलपूर. मोबाइलमधल्या त्या बोलणाऱ्या बाईशी तासन्‌तास गप्पा करते, म्हणते ही माझी बेस्ट फ्रेंड आहे कारण ती कधी रागवत नाही. काळजी वाटते. तिला रोबोटचा कोणता पिक्चर दाखवू?

उत्तर : काळजी थोडी करा, घाबरू नका. १९६६ मधे जोसेफ वायझेनबाउम नावाच्या अमेरिकेतल्या प्राध्यापकानं एलायझा नावाचा साधा प्रोग्राम केला होता, आपलंच वाक्य उलटवून प्रश्न विचारायचा तेवढं. तरी मोठी शिकलेली माणसं त्याच्याशी मनातलं बोलायला लागली अन् त्या बिचाऱ्या प्राध्यापकालाच धक्का बसला. मग ९ वर्षांच्या लेकराचं काय नवल. "कधी रागवत नाही" म्हणते ना, तर घरात तिच्यावर कोण किती रागवून राहिलं ते आधी पाहा, अन् शेजारची एखादी पोट्टी खेळायला बोलवा, भांडू द्या दोघींना, मिटवायला जाऊ नका.

पिक्चरमधे 'ए. आय.', २००१ चा, इतक्यात नको. त्यात आई रोबोट मुलाला जंगलात सोडून येते, मोठ्यांनाच सहन होत नाही. 'बायसेंटेनियल मॅन', १९९९ चा, सुरुवातीचा भाग दाखवा, रोबोटच्या हातून धाकट्या मुलीचा काचेचा घोडा फुटतो तर तो तिच्यासाठी लाकडाचा घोडा कोरून देतो, ते तिला आवडेल. पण पहिला दाखवा तो 'वॉल-ई', २००८ चा. सुरुवातीला बोलणं जवळजवळ नाहीच त्यामुळे भाषा आडवी येत नाही. माणसं पृथ्वीवर कचरा करून निघून गेली अन् हा एकटा चौकोनी मशीन सातशे वर्षं कचरा दाबून राहिला, सोबतीला एक झुरळ, तिथे त्याला एक हिरवं रोपटं सापडते ते जुन्या बुटात लावून जपून ठेवतो.

येत्या रविवारी आमच्या समाजमंदिरात तोच लावणार आहोत, संध्याकाळी ७ ला, लाइन असली तर. आजीला मी आधीच सांगून ठेवलं की हा पण जेवत नाही, उन्हावर चार्ज होतो. त्या म्हणाल्या, "मंग त्याले आंगनात बसू द्या नं."